आधी रूळ, मग इंजिन

नमस्कार श्रोतेहो. माळ्यावर जुन्या मॉडेल रेल्वेचं खोकं पडून असेल, तर ते खाली काढा. पण लगेच प्लग लावू नका. आधी रूळ, मग इंजिन.

आज बोलायचंय ते एन स्केलबद्दल. खऱ्या गाडीच्या 160 व्या हिश्श्याची गाडी, दोन रुळांत 9 मिलिमीटर अंतर. 60 बाय 90 सेंटिमीटरच्या फळीवर ती ऐसपैस गोल फिरते. फळी 12 मिलिमीटर प्लायवूडची घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, पावसाळ्यात चहात बुडवलेल्या पावासारखं फुगतं. तरी हल्ली घरोघरी कपाटं त्याचीच! असो.

पुन्हा सुरुवात म्हटलं की झुरिकचा किस्सा सांगावाच लागतो. साल 2000. हॅम्बुर्गमध्ये डिस्कोथेक चालवणारा फ्रेडरिक ब्राउन सुट्टीत झुरिकला गेला होता. फिरता फिरता मॉडेल रेल्वेच्या एका दुकानापाशी आला आणि लहानपणची आगगाडी त्याच्या डोक्यात शिरली. तिथूनच त्यानं जुळ्या भावाला, गेरिटला, फोन लावला. म्हणाला, आपण जगातली सर्वांत मोठी मॉडेल रेल्वे बांधू या. गेरिटला आधी वाटलं, स्वारी थट्टा करतेय. पण फोन काही थांबेनात. आणि पुढच्याच वर्षी, 16 ऑगस्ट 2001 ला, हॅम्बुर्गच्या जुन्या वखारींच्या भागात ‘मिनियातुर वुंडरलांड’ उघडलंसुद्धा! सुरुवातीलाच त्यात क्नुफिंगन नावाचं एक अख्खं काल्पनिक शहर होतं. आज तिथले रूळ 15 किलोमीटरच्या वर आहेत. गाड्या एचओ स्केलच्या, म्हणजे एनपेक्षा जवळजवळ दुप्पट. इतकं लांब जायला नको, आपल्या पुण्यात कोथरूडलाही जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. मोठ्या माणसांच्या या छंदाला ‘पोरखेळ’ म्हणणाऱ्यांनी तिथे एकदा जाऊन यावं. क्रिकेट बघत दिवस घालवलेला चालतो म्हणे!

तर, आधी रूळ. वीज रुळातून चाकात जाते, म्हणून काळा थर आला की गाडी अडते. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळाचा माथा पुसा, फडक्यावर काळं येईनासं होईपर्यंत. पॉलिशपेपर मुळीच नको. त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. चाकंही अशीच पुसा.

मग इंजिन. कंट्रोलर, म्हणजे रुळांना वीज देणारा आणि वेग कमी-जास्त करणारा डबा, 12 व्होल्ट डीसीचा, आणि त्याची वायर तडकलेली नाही ना, हे आधी बघा. इंजिन गुणगुणतंय पण हलत नाही? ताबडतोब बंद करा. आतलं ग्रीस वाळून चिकट झालंय. हट्ट धरलात तर मोटर जळेल. वरचं कवच काढून गिअर टूथपिकनं साफ करा. प्लास्टिकला चालणारं पातळ तेल सुईच्या टोकावर राहील इतकंच द्या. चाकाला तेल लागलं, तर ते रुळभर पसरतं आणि पुन्हा फडकं हातात.

एकाच सांध्यावर गाडी थबकत असेल, तर तिथली फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी छोटी पट्टी, सैल असते. ती पक्कडीनं हलकी दाबा. लांबच्या टोकाला गाडी मंदावली, तर तिथे कंट्रोलरकडून वायरींची आणखी एक जोडी न्या. लाल वायर पहिल्या जागी ज्या रुळाला आहे त्याच रुळाला, नाहीतर शॉर्ट. वायर रुळाला सोल्डर करताना दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, ओल्या कापसाचे बोळे ठेवा, नाहीतर प्लास्टिक वितळून तिथलं 9 मिलिमीटरचं अंतर बिघडतं.

नमस्कार.