प्रश्न डॅफीचा, ओंडका पोर्कीचा

मंडळी, पत्रिकेत 'रेडिओ क्विझ आणि कार्टून' असं छापलंय, त्यावर येतोच, पण आधी न्यू मेक्सिकोतल्या एका गावाला जाऊन यावं लागेल, त्याशिवाय गंमत कळायची नाही.

अमेरिकेत १९४० पासून रेडिओवर 'ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' नावाचा कार्यक्रम लागायचा, राल्फ एडवर्ड्सचा. प्रश्न असे की उत्तर येऊच नये, मग भोंगा वाजणार आणि स्पर्धकाने शिक्षा म्हणून काहीतरी येड्यासारखं करायचं. ज्ञानबिन काही नाही हो, सगळा माल शिक्षेत. तर दहावं वर्ष आलं तेव्हा एडवर्ड्स म्हणाला, जे गाव आमच्या कार्यक्रमाचं नाव लावेल तिथून कार्यक्रम करू. आणि हॉट स्प्रिंग्ज नावाच्या गावाने मतदान करून खरंच नाव बदललं! १९५० साल, १ एप्रिलला तिथून कार्यक्रम झालासुद्धा, गावाचं नाव आजही तेच. आपल्याकडे नामांतर म्हटलं की... जाऊ दे, हॉल परत लागणारे आपल्याला.

त्यांचंच १९४७चं 'मिस हश'. गुपित बाईचा आवाज ऐकून ती कोण ते ओळखायचं. निघाली कोण, तर क्लारा बो. मूकपटांची स्टार, आणि ओळखायची आवाजावरून!

आता माझं दुखणं. मला क्विझमास्तर जमातीचाच राग आहे. एका सोसायटीच्या गणपतीत विचारलं, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर? मी म्हटलं कळसूबाई. ते म्हणाले चूक, साल्हेर. अहो, साल्हेर सर्वात उंच किल्ला! पण कार्डावर साल्हेर आणि माइक त्यांच्या हातात, बायको म्हणते बसा खाली, बक्षीस स्टीलचा डबा होता, तो शेजारच्यांकडे गेला आणि अजून त्यातूनच आमच्याकडे चकली येते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पटापट.

१९५०च्याच सप्टेंबरात दिग्दर्शक चक जोन्सचं 'द डकस्टर्स' हे कार्टून आलं, याच कार्यक्रमाची टिंगल करणारं. गावाने नाव बदलल्यावर अजून अतिशयोक्ती काय करणार? जोन्सने एवढंच केलं की रेडिओवर नुसती ऐकू येणारी शिक्षा दाखवली. स्पर्धक पोर्की डुक्कर ओंडक्याला बांधलेला, करवत जवळ येतेय आणि क्विझमास्तर डॅफी बदक विचारतोय, १७२६च्या न्यूझीलंडमधल्या हेवीवेट मुष्टियुद्धाचा पंच कोण. 'मिस हश'ची 'मिस शश' झालीये. आणि दोघांचेही आवाज मेल ब्लँक या एकाच कलाकाराचे, म्हणजे छळणाराही तोच आणि छळ सोसणाराही तोच!

पण खरा मुद्दा पैशाचा. बक्षिसांची खिरापत इतकी वाढली होती की १९४९ला सरकारी आयोगाने ती लॉटरी ठरवून रोखायचा नियम काढला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९५४ला रेडिओवाले जिंकले. कार्टून आलं ते या भांडणाच्या ऐन मध्यात. शेवटी पोर्कीला मिळतात २ कोटी ६० लाख डॉलर आणि वर ३ सेंट, त्यात तो अख्खं नेटवर्कच विकत घेतो. आणि मालक झाल्यावर कार्यक्रम बंद करतो का? छे, डॅफीलाच धरून प्रश्न विचारायला लागतो.