आमेन कोणी म्हणायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारी चर्चला उशिरा पोचणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, ‘उपदेश तर मिळाला ना!’ मीही कित्येक वर्षं हेच म्हणत आलो. गीतं, पापांगीकार म्हणजे सगळ्यांनी मिळून दिलेली पापांची कबुली, शास्त्रपाठ हे माझ्या लेखी नमनाचं घडाभर तेल. पाळक उपदेशाला उभे राहिले की खरी उपासना सुरू, अशी माझी समजूत होती.

ती समजूत मोडली एका फार जुन्या वर्णनामुळे. इसवी सन १५५च्या सुमारास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने रोमचा सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून, ख्रिस्ती लोक रविवारी जमून नेमकं काय करतात ते लिहिलं. आधी प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण वाचायचं. किती? तर वेळ पुरेल तोवर! मग अध्यक्षाने, म्हणजे उपासना चालवणाऱ्याने, बोध करायचा. मग सगळ्यांनी उठून प्रार्थना करायची. त्यानंतर भाकर, द्राक्षारस आणि पाणी पुढे आणायचं, अध्यक्षाने उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणारी प्रार्थना, करायची आणि लोकांनी म्हणायचं, ‘आमेन’. आपण आज बायबलमधल्या दहा ओव्या वाचून त्यावर पाऊण तास बोलतो. ‘वेळ पुरेल तोवर’ हे शब्द आपण वाचनाकडून काढून उपदेशाला देऊन टाकले, असं मला कधी कधी वाटतं. पाळकांनी राग मानू नये.

पण त्या वर्णनात माझं मन अडकलं ते ‘आमेन’पाशी. शब्द हिब्रू, अर्थ ‘असंच असो’. जस्टिन हा अर्थ मुद्दाम सांगतो. अध्यक्षाची प्रार्थना लोकांनी आमेन म्हणून आपलीशी करायची. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला हाच प्रश्न घातला होता: तू काय बोलतोस ते ज्याला कळत नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसं म्हणणार? तरीही पश्चिम युरोपात मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची ही उपासना, शतकानुशतकं लॅटिनमध्येच चालली, सामान्य माणसाला लॅटिन येईनासं झाल्यावरसुद्धा. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२६मध्ये जर्मन भाषेतला उपासनाक्रम काढला. कॅथलिक मंडळीत लोकभाषेला मोकळी वाट मिळाली ती १९६३मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केल्यानंतर.

आता भाषा कळते. तरी आमेन आपण कसं म्हणतो? पुढच्या रविवारी कान देऊन ऐका. पहिल्या बाकावरून एक खणखणीत आवाज, बाकीच्यांचं पुटपुटणं, आणि तोवर हात गीतांच्या पुस्तकाकडे गेलेला.

पापांगीकारात तर मला सर्वांत जास्त अडखळायला होतं. तिथे ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणायचं असतं. ‘आम्ही पाप केलं आहे.’ शेजारच्या बाकावर ज्याच्याशी माझं बोलणं बंद आहे, तोही त्या ‘आम्ही’त आला! मग दोन क्षण शांतता. कोणीतरी खोकतं, एखादं पान उलटतं. उशिरा येणाऱ्याचे नेमके हे दोन क्षण बुडतात, आणि माझी खात्री आहे, काही जण म्हणूनच उशिरा येतात. मी यायचो.

दानार्पणाबद्दल एवढंच. जस्टिनच्या मंडळीत जमलेला पैसा अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांच्यासाठी अध्यक्षाकडे ठेवत. इमारतीचा त्यात उल्लेख नाही.

त्याच वर्णनात आणखी एक बारीकशी गोष्ट आहे: जे आले नाहीत, त्यांचा भाकर-द्राक्षारसातला वाटा सेवक त्यांच्या घरी पोचवत. ही रीत अजून टिकून आहे. शेवटचा आशीर्वाद होतो, बाकं करकरतात, दाराशी गप्पा रंगतात. पाळक मात्र भाकरीची छोटी डबी घेऊन अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजींकडे निघतात. तिथे गायकवृंद नाही, उपदेशही नाही. खाटेजवळ खुर्ची ओढून ते हळू आवाजात प्रार्थना करतात. प्रार्थना संपते, आणि उशीवरून थरथरता आवाज येतो, ‘आमेन’.