पिशवी काढण्याआधी

[दृश्य: पॅथॉलॉजी लॅब. लाकडी ट्रेमध्ये रांगेत लावलेल्या काचपट्ट्या.]

गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा तपासायला दिला, की रिपोर्टवर दोन शब्द येतात, 'स्क्वॅमस कार्सिनोमा', म्हणजे अस्तराच्या पेशींचा कॅन्सर. तो कागद घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ ठरूनही गेलेला असतो. पिशवीला कॅन्सर झालाय, पिशवी काढून टाका. सासूबाई म्हणतात, दीर म्हणतात, कधीकधी तालुक्याचे डॉक्टरही म्हणतात. मुलंबाळं झाली, आता पिशवी ठेवून करायचं काय?

पिशवी काढणं आपल्याकडे फार पटकन सुचतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या इतक्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्या, की २०१९ साली सरकारला त्याची चौकशी करावी लागली. पण गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला असेल, तर पहिला प्रश्न वेगळा असतो. रोग किती मिलिमीटर आत गेलाय?

[दृश्य: काचपट्टीवर गुलाबी-जांभळी पेशीजालं. शेजारी मिलिमीटरची पट्टी.]

वरच्या अस्तराखाली ३ मिलिमीटरपर्यंत घुसलेला रोग म्हणजे स्टेज १ए१. तीनच्या पुढे, पाचपर्यंत, १ए२. पाचाच्या वर गेला आणि गाठ २ सेंटिमीटरपेक्षा लहान असली, तर १बी१. दोन ते चार सेंटिमीटर, १बी२. चार आणि त्याहून मोठी, १बी३. ही मापं २०१८ पासूनची आहेत. त्याआधीच्या कागदांवर १बी२ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ चार सेंटिमीटरहून मोठी गाठ असा होतो. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरण्याआधी एवढं बघावं.

आता अडचण अशी, की ओपीडीत चिमट्यानं घेतलेला तुकडाच मुळी काही मिलिमीटरचा असतो. तुकड्याच्या तळापर्यंत रोग दिसला, तर तो खाली आणखी किती गेलाय हे त्या तुकड्यावरून कळत नाही. म्हणून डोळ्यांना गाठ दिसत नसेल, तर आधी शंकूच्या आकाराचा मोठा तुकडा काढतात. त्याला कोन बायोप्सी म्हणतात. तो शंकू अखंड एका तुकड्यात निघायला हवा. चार तुकडे झाले तर कडा कुठली आणि तळ कुठला हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही, मग सगळा खटाटोप वाया. शंकूवर बारा वाजण्याच्या जागी एक टाका घालून ठेवायची पद्धत आहे, त्यावरून दिशा कळते.

या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बोट ठेवून शोधा. खोली किती मिलिमीटर. कडा मोकळ्या आहेत का. आणि 'एलव्हीएसआय', म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत (लिम्फच्या नळ्यांत) रोगाच्या पेशी दिसल्या का. तिन्हींपैकी एक जरी लिहिलेली नसेल, तर रिपोर्ट अर्धा आहे. काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक, दोन्ही लॅबकडून मागून घ्यावेत आणि कॅन्सरच्या मोठ्या केंद्रात पुन्हा वाचून घ्यावेत. नुसत्या काचपट्ट्या नेल्या तर नवीन काप घेता येत नाहीत, आणि मग बाहेरगावचा माणूस ब्लॉक आणायला परत एसटीत बसतो.

याला आठ-पंधरा दिवस जातात. घरच्यांना वाटतं, एवढ्यात तो पसरेल. हा रोग वर्षानुवर्षांच्या संथ बदलांतून तयार झालेला असतो; नीट तपासणीला लागणाऱ्या या दिवसांनी बिघडत नाही. चुकीचं ऑपरेशन आधी झालं, की मात्र बिघडतं.

[दृश्य: ओपीडीबाहेरचं बाकडं. मांडीवर प्लास्टिकची फाइल.]

१ए१ असेल, एलव्हीएसआय नसेल, कडा मोकळ्या असतील, तर ओटीपोटात लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) शोधत बसण्याचं कारण नाही. त्यांत रोग पोहोचलेला असण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी. मूल हवं असेल तर काढलेला शंकू हाच पुरेसा उपचार ठरतो, पुढे तपासण्या चालू ठेवायच्या. मूल नको असेल तर साध्या ऑपरेशननं फक्त पिशवी काढली तरी चालतं. म्हणजे 'पिशवी काढा' हे वाक्य कधीकधी बरोबरही असतं. फक्त ते शेवटी यायला हवं.

दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला मूल हवं असणाऱ्या बाईसाठी आणखी एक वाट आहे. गर्भाशयाचं तोंड, आजूबाजूच्या ऊती आणि लसिकाग्रंथी काढून वरचं गर्भाशय ठेवायचं, आणि तिथे कायमचा टाका घालायचा. याला रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी म्हणतात. गर्भ राहू शकतो, पण दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो आणि बाळंतपण सिझेरियननंच करावं लागतं. हे ऑपरेशनच्या आधी ऐकलेलं बरं.

एरवी पाच मिलिमीटरच्या पुढच्या आणि चार सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला वर्षानुवर्षं मोठं ऑपरेशनच सांगितलं जायचं, रॅडिकल हिस्टरेक्टॉमी. यात पिशवीच्या बाजूची ऊती आणि योनीचा वरचा भागही निघतो. त्या ऊतीतूनच लघवीच्या पिशवीच्या नसा जातात. म्हणून ऑपरेशननंतर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आठवडा-दोन आठवडे राहतं, आणि ते काढल्यावर लघवी केल्यानंतर आत किती उरते हे मोजतात. साधारण १०० मिलिलिटरपेक्षा जास्त उरत असेल तर कॅथेटर परत बसतं. बायका याला 'ऑपरेशन बिघडलं' म्हणतात. बहुतेक वेळा नसा दमलेल्या असतात, हळूहळू सुधारतात. २०२४ साली छापून आलेल्या ७०० स्त्रियांच्या अभ्यासात मात्र एक दिलासा मिळाला. गाठ २ सेंटिमीटरच्या आत आणि रोग फार खोल नसेल, तर साधी पिशवी काढलेल्यांत तीन वर्षांत ओटीपोटात रोग परतण्याचं प्रमाण २.५२ टक्के होतं, मोठ्या ऑपरेशनवाल्यांत २.१७. लघवीचे त्रास साध्या ऑपरेशनमध्ये कमी.

दुर्बिणीनं करायचं की पोट उघडून? छोटा छेद, लवकर घरी, हे ऐकायला बरं वाटतं. पण २०१८ च्या अभ्यासात मोठं ऑपरेशन दुर्बिणीनं केलेल्यांपैकी साडेचार वर्षांनी रोगमुक्त ८६ टक्के होत्या, पोट उघडून केलेल्यांपैकी ९६.५ टक्के. रॅडिकल हिस्टरेक्टॉमी ठरली असेल आणि कुणी दुर्बीण सुचवत असेल, तर हे दोन आकडे समोर ठेवून कारण विचारा.

[दृश्य: रेडिएशन विभागाचा जड दरवाजा हळू बंद होतो.]

आता जी गोष्ट घरच्यांच्या गळी उतरत नाही, ती. पिशवी जागेवर ठेवून, फक्त शेक, म्हणजे रेडिएशन, देऊनही हा कॅन्सर बरा होतो. १९९७ साली इटलीतल्या अभ्यासात १बी आणि २ए (योनीच्या वरच्या भागापर्यंत पसरलेल्या) स्टेजच्या स्त्रियांत ऑपरेशन आणि रेडिएशन, दोन्हींत पाच वर्षं जगणाऱ्या ८३ टक्केच निघाल्या. ऑपरेशन झालेल्यांपैकी ६४ टक्क्यांना नंतर शेकही घ्यावा लागला, आणि गंभीर त्रास ऑपरेशनवाल्यांत २८ टक्के, रेडिएशनवाल्यांत १२. म्हणून एमआरआय बघून आधीच विचारायचं, की ऑपरेशननंतर शेक लागण्याची शक्यता किती? जास्त असेल तर दोन्हींचे त्रास अंगावर घेण्यात अर्थ नाही. आधी केमोनं गाठ बारीक करू आणि मग काढू, हाही मार्ग सुचवला जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये मोठ्या गाठींच्या ६३३ स्त्रियांवर तो तपासला गेला. रोग न परतता पाच वर्षं काढलेल्या त्यात ६९.३ टक्के, आणि थेट केमोसह रेडिएशन घेतलेल्यांत ७६.७.

चार सेंटिमीटरच्या वरच्या गाठीला म्हणूनच केमो आणि रेडिएशन. बाहेरून साधारण २५ शेक, सोमवार ते शुक्रवार. दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम. हे औषध मूत्रपिंडावर जातं, त्यामुळे प्रत्येक वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासतात आणि सलाइन देतात. जुलाब लागले की पाणी कमी पिण्याची चूक होते, आणि क्रिएटिनिन वाढलं की तो डोस हुकतो.

मग आतून शेक, ब्रॅकीथेरपी. कमरेत इंजेक्शन देऊन गर्भाशयाच्या आत एक बारीक नळी आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन गोल तुकडे बसवतात. मूत्राशय आणि गुदाशय दूर राहावेत म्हणून कापडाची पट्टी भरतात. सीटी, आखणी, आणि मग इरिडियमचा तांदळाएवढा स्रोत यंत्रातून आत जातो. प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचा. हलायचं नाही म्हणून पडून राहणं मात्र काही तासांचं, आणि तेच जास्त नकोसं होतं. दुखत असेल तर सांगा, औषध वाढवता येतं.

ती नळी बसते गर्भाशयात. घाईनं पिशवी काढली आणि नंतर कॅन्सर निघाला, तर नळी धरायला जागाच उरत नाही, आणि रिकाम्या जागेत उतरलेल्या आतड्यांवर शेकाचा मार येतो.

सगळे शेक आठ आठवड्यांत संपायला हवेत. सुरू होण्याआधी वेळ घेतला तरी चालतो, सुरू झाल्यावर मध्ये लग्न, पेरणी, गणपती काही नाही. खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर ते आधी वाढवतात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा, आणि मंजुरी उपचार सुरू होण्याआधीच घ्या.

[दृश्य: खिडकीशी बसलेली बाई, पाठमोरी. पडदा हलतो.]

शेकानं पाळी थांबते. वय कमी असेल तर अंडाशय आधी वर सरकवून ठेवता येतात का, हे विचारायला हवं. योनी आखडते, त्यासाठी डायलेटर, म्हणजे ती मोकळी ठेवायची गुळगुळीत कांडी, देतात, आठवड्यातून दोन-तीनदा वापरायला. हे बोलायला संकोच वाटतो, डॉक्टरांनाही वाटतो. विचारणं तरी तुमच्या हातात आहे. नवऱ्याला हा कॅन्सर लागत नाही. हा कॅन्सर ज्यातून होतो त्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग मात्र दोघांत कधी कुणाकडून आला ते शोधता येत नाही, तो कित्येक वर्षं जुना असू शकतो. तेव्हा घरात त्यावरून भांडण उकरू नये.

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. मध्येच रक्त गेलं, एकच पाय सुजला, किंवा कंबरेतून पायात कळ उतरू लागली, तर तारखेची वाट पाहू नका. फाइलमध्ये रिपोर्ट, शेकाचा हिशेब आणि मेणाचा ब्लॉक कोणत्या लॅबमध्ये, कोणत्या नंबरानं ठेवलाय, हे पहिल्या पानावर लिहून ठेवा.