खेलकोमचा किनारा आणि हवामान परिषदेचा मसुदा

[दृश्य : पहाटेचा किनारा. रंगीत होड्यांतून टोपल्या उतरत आहेत.]

सेनेगलची राजधानी डकारपासून सुमारे ३० किलोमीटरवर, अटलांटिकच्या काठी, बार्न्यी हे लेबू समाजाच्या मच्छीमारांचे गाव आहे. होड्या किनाऱ्याला लागेपर्यंत मासळी पुरुषांची असते. टोपली वाळूवर टेकली की तिचा हिशेब बायकांच्या हाती येतो. खेलकोम नावाच्या मोकळ्या आवारात त्या ‘यबोय’, म्हणजे आपल्याकडच्या तारलीच्या कुळातला मासा, जमिनीवर एकाला एक लागून पसरतात, त्यावर वाळलेले गवत आणि भुईमुगाची टरफले टाकतात आणि वाऱ्याची दिशा पाहून आग लावतात. कोकणात मासळी मीठ लावून थेट उन्हात घालतात. इथे ती आधी धुमसत्या आगीत शिजते आणि रात्रभर राखेखाली निवते. दुसऱ्या दिवशी डोके आणि कातडी काढून तिला मीठ लावले जाते आणि मग ती उन्हात वाळत पडते.

[दृश्य : राखेतून मासे उचलणारे हात, जवळून.]

या मालाला ‘केचाख’ म्हणतात. तो बर्फाशिवाय टिकतो, म्हणून समुद्र न पाहिलेल्या माली आणि बुर्किना फासोच्या बाजारांपर्यंत जातो. भांडवल, इंधन, मजुरी, दलालाशी घासाघीस हे सारे बायकाच पाहतात, आणि घरातला किराणा व मुलांची फी याच व्यवहारातून निघते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘असंघटित क्षेत्र’ म्हणतात. पडद्यावर दिसणारी शिस्त पाहता ते नाव कोणी आणि कुठे बसून दिले असावे, असा प्रश्न पडतो.

[दृश्य : कॅमेरा उजवीकडे वळतो. वाळवणापलीकडे उंच धुराडे.]

या आवाराच्या शेजारीच १२५ मेगावॉटचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले. त्यासाठी कर्ज देणाऱ्यांत आफ्रिकी विकास बँक होती, पश्चिम आफ्रिकी विकास बँक होती आणि नेदरलँड्सची एफएमओ ही विकास वित्तसंस्थाही होती. समुद्र आत सरकत असल्यामुळे ज्यांची घरे पडली, त्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी आखलेल्या भूखंडांपैकी काही जमीन या प्रकल्पात गेली. २०१६ मध्ये रहिवाशांनी कर्ज देणाऱ्या बँकांच्याच तक्रार निवारण यंत्रणांकडे दाद मागितली आणि तक्रारदारांत मासळी सुकवणाऱ्या बायकाही होत्या. २०१८ च्या अखेरीस केंद्र सुरू झाले आणि थोडाच काळ चालले. धूर, राख, खोकला आणि वाळवणाच्या जागेची टांगती तलवार यांविषयी इथल्या बायका स्वतःच सांगतात.

[दृश्य : परिषदेचे प्रवेशद्वार, गळ्यात ओळखपत्रे, सरकते जिने.]

हे केंद्र आकार घेत होते, त्याच वर्षांत हवामानाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत स्त्रियांविषयीचे मसुदेही आकार घेत होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या मूळ हवामान करारात स्त्रियांचा उल्लेखच नव्हता. पहिला ठराव आला तो २००१ मध्ये, मोरोक्कोतील माराकेश येथे, आणि त्याचा विषय होता प्रतिनिधी मंडळांत व समित्यांत स्त्रियांचा सहभाग वाढवणे. २०११ मध्ये स्त्री संघटनांच्या गटाला वाटाघाटींत अधिकृत निरीक्षक गट म्हणून पूर्ण मान्यता मिळाली. २०१४ मध्ये हवामानाच्या कामात स्त्री-पुरुष समानता आणण्यासाठीचा ‘लिमा कार्यक्रम’ ठरला, २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत स्त्री-पुरुष समानतेचा उल्लेख आला आणि २०१७ मध्ये जर्मनीतील बॉन येथे स्त्री-पुरुष समानतेचा पहिला कृती आराखडा मंजूर झाला. २०१९ मध्ये माद्रिदला त्याची सुधारित आवृत्ती आली. प्रत्येक पायरीमागे रात्र-रात्र जागून काढलेल्या बैठका आहेत. मसुद्यावर खल होणाऱ्या खोल्यांत कॅमेऱ्याला मज्जाव असतो, त्यामुळे आपल्याला फक्त बंद दार दिसते आहे.

[दृश्य : मंचावर नेत्यांचे समूहछायाचित्र.]

आफ्रिकी स्त्रीवाद्यांचा आक्षेप या पायऱ्यांना नाही; त्या चढण्यात त्यांचाही वाटा मोठा आहे. त्यांचे म्हणणे असे की, खुर्च्या मोजण्यावर आणि प्रशिक्षण शिबिरांवर भर देणारे हे आराखडे कोणावर बंधनकारक नाहीत, त्यांच्यामागे स्वतंत्र निधी नाही आणि किनाऱ्यावर काय उभे राहावे हे कोण ठरवते, या प्रश्नाला ते हातच घालत नाहीत. अहवालांत आफ्रिकी बाई एक तर डोक्यावर हंडा घेतलेली पीडित असते, नाही तर गाव वाचवणारी वीरांगना. जमिनीच्या कागदावर सही करण्याचा अधिकार असलेली नागरिक म्हणून ती क्वचितच येते.

[दृश्य : जुनी फीत. रोपवाटिका, डब्यांतली रोपे, हसणाऱ्या वंगारी मथाई.]

हा विचार परिषदांच्या आधीपासूनचा आहे. केनियात १९७७ मध्ये वंगारी मथाई यांनी राष्ट्रीय महिला परिषदेच्या आधाराने ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू केली, ती गावातल्या बायकांच्या सरपण, पाणी आणि चाऱ्याच्या तक्रारी ऐकून. रोपे वाढवायला वनशास्त्राची पदवी हवी, असे वनखात्याचे मत होते. बायकांनी बी जमवले, डब्यांत आणि पिशव्यांत रोपे केली, आणि रोप लावून ते जगले तरच त्याचे थोडे पैसे हाती येत. झाडांची लागवड सर्वांना दिसते, त्यामुळे मथाई यांना झाडे लावणारी बाई म्हणून गौरवणे सोपे गेले. पण त्यांचे काम तेवढेच नव्हते: १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू उद्यानात ६० मजली इमारत बांधण्याचा सरकारी बेत त्यांनी अंगावर चिखलफेक झेलत हाणून पाडला, आणि पुढे गरीब देशांच्या कर्जमाफीसाठीच्या ‘ज्युबिली २०००’ मोहिमेच्या आफ्रिकी शाखेचे सहअध्यक्षपद सांभाळले. २००४ चे शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या या पहिल्या आफ्रिकी स्त्रीने झाड, जमीन आणि कर्ज हे तीन विषय कधी वेगळे मानले नाहीत.

[दृश्य : सभागृह, भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा.]

कायद्याची भाषाही याच खंडात तयार झाली. २००३ मध्ये आफ्रिकी संघाने (आफ्रिकी देशांच्या संघटनेने) मोझांबिकमधील मापुटो येथे स्त्रियांच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला, जो २००५ पासून लागू आहे. त्याचे कलम १८ निरोगी पर्यावरणाचा हक्क देते आणि पर्यावरणाच्या नियोजनात स्त्रियांचा सहभाग वाढवण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते; कलम १९ जमीन आणि मालमत्तेविषयी बोलते. सेनेगलने हा करार मान्य केला आहे. २००६ मध्ये घानातील आक्रा येथे जमलेल्या कार्यकर्त्यांनी आफ्रिकी स्त्रीवाद्यांची सनद लिहिली आणि स्त्रीवाद ही बाहेरून आलेली गोष्ट असल्याचा आरोप तिथेच निकालात काढला. २०१३ मध्ये सुरू झालेली, जोहान्सबर्गहून चालणारी ‘वोमिन’ ही संघटना खाणी आणि वीजप्रकल्पांनी वेढलेल्या गावांतल्या बायकांबरोबर काम करते. तिची मुख्य मागणी आहे ‘नाही म्हणण्याचा हक्क’: प्रकल्प येण्यापूर्वी गावाला नीट माहिती मिळावी, बायकांना विचारले जावे आणि त्यांचा नकार नकारच मानला जावा.

[दृश्य : बाकू, २०२४. निदर्शनातील फलक.]

बाकूच्या हवामान परिषदेसाठी यजमान अझरबैजानने नेमलेल्या २८ जणांच्या आयोजन समितीत आधी एकही स्त्री नव्हती. टीका झाल्यावर नावे वाढवली गेली. तिथे लिमा कार्यक्रमाला १० वर्षांची मुदतवाढ मिळाली. त्याच परिषदेत गरीब देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले, तर आफ्रिकी देशांची मागणी होती १.३ लाख कोटी डॉलरची. हवामान निधीचा मोठा भाग कर्जाच्या रूपाने येतो. कर्ज फेडताना सरकार आधी दवाखाना, पाणी आणि शाळा यांवरचा खर्च आवळते, आणि दवाखान्यात परिचारिका नसली की आजाऱ्याची शुश्रूषा घरातल्या बाईवर येते. म्हणून अनुदान हवे, कर्ज नको, ही आफ्रिकी स्त्रीवाद्यांच्या दृष्टीने स्त्री-न्यायाचीच मागणी आहे. वाटाघाटींत मात्र निधीचा मसुदा एका खोलीत ठरतो आणि स्त्रियांचा दुसऱ्या.

२०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलें येथील परिषदेत स्त्री-पुरुष समानतेचा नवा कृती आराखडा मंजूर झाला आहे. २०२७ ची परिषद इथिओपियात, अदिस अबाबा येथे भरणार आहे. ज्या आफ्रिकी संघाने मापुटो करार केला, त्याचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि कलम १८ व १९ मधली भाषा निधीच्या मसुद्यात उतरवायची तर त्यासाठी यजमान सरकारांच्या मागे लागण्याचे काम परिषद भरण्याच्या कितीतरी आधी करावे लागणार आहे.