सोनोराच्या वाळवंटात पक्ष्यांचे नमुने घेताना

श्रोतेहो, नमस्कार. मेक्सिकोच्या वायव्येकडील सोनोरा वाळवंटात पक्ष्यांचा अभ्यास करायचा आणि त्यांचे नमुने, म्हणजे अभ्यासासाठी कातडी भरून जपलेले पक्षी, गोळा करायचे, तर सगळे वेळापत्रक उन्हाच्या धाकानेच आखावे लागते.

पक्षी पकडायची जाळी उजाडण्यापूर्वी लागलेली हवीत. उघड्या माळावर ती वाऱ्याने फुगतात आणि पक्ष्यांना दिसतात. कोरड्या ओढ्यात, मेस्किटच्या झाडांच्या सावलीत लावा. जमिनीवर पडलेली चोया निवडुंगाची काटेरी कांडी आधी वेचून टाका. ती गुंतली की जाळे कापावेच लागते. दर पंधरा मिनिटांनी फेरी मारा आणि जाळ्यावर ऊन आले की ते गुंडाळा. उन्हात अडकलेला पक्षी फार लवकर दगावतो.

साग्वारो निवडुंगाच्या ढोल्यांपाशी मात्र नुसते बसून पाहावे. गिला सुतार पक्षी ढोली कोरतो, पण आतला ओला गर सुकून टणक व्हायला महिने जातात. सुताराने सोडलेल्या ढोलीत पुढे एल्फ घुबड राहायला येते. त्याचे वजन जेमतेम ४० ग्रॅम! संध्याकाळी ते ढोलीच्या तोंडाशी येते.

नमुना घेण्यासाठी मेक्सिकोच्या पर्यावरण मंत्रालयाचा परवाना लागतो. त्यात लिहिल्यापेक्षा एकही पक्षी जास्त घेऊ नये. मेलेल्या पक्ष्याच्या घशात लगेच कापूस घाला, म्हणजे पिसे स्रावाने खराब होत नाहीत. मग वजन करा आणि पक्षी सावलीत थंड ठेवा. उशीर झाला की पोट हिरवट पडते, तिथली पिसे हातात येतात. तो नमुना गेलाच.

छातीच्या हाडापासून खाली चीर द्यावी आणि मक्याचे पीठ भुरभुरत कातडी सोडवावी. कोरड्या हवेत तिच्या कडा वाळून फाटतात, म्हणून ओला कापूस जवळ ठेवा. सुताराच्या मानेची कातडी डोक्यावरून उलटून निघत नाही. मानेमागे वेगळी चीर द्यावी लागते. पारव्या-होल्यांची कातडी इतकी नाजूक की तिथे घाई अजिबात नको. कापूस भरून, शिवून नमुना सावलीतच वाळवा. उन्हात चरबी वितळून पिसांत उतरते. मुंग्या येऊ नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

चिठ्ठी पायाला त्याच दिवशी बांधा. तिच्यावर जागा, उंची, तारीख, वजन आणि शरीर उघडून पाहिलेले लिंग लिहा. डोळ्याचा रंग मात्र पक्षी ताजा असतानाच टिपा. वाकड्या चोचीच्या थ्रॅशर या पक्ष्याचा डोळा लहान वयात पिवळसर आणि पुढे नारिंगी होतो. कातडी काढताना डोळा जातो आणि त्याबरोबर ही खूणही.