गोळीला महिना का लागतो?

डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडची मुख्य तक्रार एकच: लवकर गुण येत नाही. केज-धारूरकडून आलेला माणूस पट्टी टेबलावर ठेवतो. दहातल्या सहा फोडलेल्या, चार तशाच. 'काहीच फरक पडंना, मग सोडून दिल्या.' सोबतचा भाऊ हळूच म्हणतो, बाहेरचं तर नसंल ना?

तापाची गोळी तासाभरात ताप उतरवते, मग ही का नाही? प्रश्न रास्त आहे, आणि तो शास्त्रज्ञांनाही छळत होता. फ्लुओक्सेटिन हे डिप्रेशनवरचं औषध मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काही तासांतच काम सुरू करतं. मग मन ताळ्यावर यायला आठवडे का लागावेत?

एक उत्तर नव्या पेशींकडे जातं. मोठ्या माणसाच्या मेंदूत नवी चेतापेशी जन्मत नाही, असं पूर्वी ठामपणे शिकवत. 1960च्या दशकात शास्त्रज्ञ जोसेफ आल्टमन यांनी उंदरांत त्या दाखवल्या, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1998 मध्ये कॅन्सरने गेलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत त्या सापडल्या. जागा हिप्पोकॅम्पस, आठवणींचं आणि काही अंशी भीतीचंही ठाणं. पुढे 2000 साली दिसलं की डिप्रेशनची औषधं काही आठवडे दिली की उंदरांत तिथल्या नव्या पेशी वाढतात. मोजके डोस देऊन वाढत नाहीत. नवी पेशी कामाला लागायलाही आठवडेच घेते. हिशोब जुळल्यासारखा वाटला.

2003 चा प्रयोग तर फारच हुशारीचा. न्यूयॉर्कमध्ये रेने हेन यांच्या गटाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसवर क्ष-किरण सोडून नव्या पेशींचा जन्मच थांबवला. मग भुकेला उंदीर अनोळखी, उजेडाच्या जागी सोडायचा, मधोमध खाणं. घाबरलेला उंदीर कडेकडेनेच फिरतो. फ्लुओक्सेटिनवरचा उंदीर लवकर धीर करून खायला जातो. क्ष-किरण दिलेल्यांना मात्र तेच औषध लागू पडेना.

पण उंदीर तो उंदीर. 2018 मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोन शोधनिबंध आले: एक म्हणतो प्रौढ माणसात अशा पेशी सापडतच नाहीत, दुसरा म्हणतो म्हातारपणीही आहेत. शिवाय केटामाइन या भुलीच्या औषधाने काही रुग्णांना तासांत उतार पडतो. तेवढ्यात नवी पेशी जन्मून कामाला कशी लागेल? म्हणून 'डिप्रेशन म्हणजे नव्या पेशींचा तुटवडा' हे मला पटत नाही. कारण वादात असलं तरी पूर्ण गुणाला आठवडे लागतात, हे दवाखान्यात रोज दिसतं. उरलेल्या चार गोळ्यांचं मला म्हणून वाईट वाटतं.

हे सगळं लोकांना सांगताना पळणाऱ्या उंदरांतही नव्या पेशी वाढतात हा प्रयोग आला, तेव्हा मागून एका काकांनी विचारलं: पळणाऱ्या उंदरांत नव्या पेशी वाढतात म्हणता, मग आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला का होतो हा आजार? काका, ते उंदीर चाकावर आपल्या मर्जीने पळत होते. सततच्या ताणाने त्याच पेशी घटतात, हेही उंदरांतच दिसलंय. त्यांच्यामागे सोसायटीच्या कर्जाची नोटीस नव्हती, आणि सोयाबीनचा भावही त्यांना बघावा लागत नव्हता.