काटा, रेडिओ आणि गावसकरचं शतक

(मंडळाच्या मेलबर्नमधल्या डिसेंबर मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. हा शब्द मी जरा जपून वापरतोय. तुमच्यासाठी मंडळी म्हणजे समोर बसलेली चार माणसं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्च. तिच्या वहीत तुमचं नाव असतं आणि दोन रविवार दिसला नाहीत तर पाळकसाहेब चहाच्या वेळेला घरी हजर होतात. तेव्हा उठून जायचं असेल तर बेताने जा. (हशा)

अध्यक्ष म्हणाले, नाताळ आलाय, तुमच्या श्रद्धेबद्दल बोला, पण प्रवचन नको. म्हणून क्रिकेटवर बोलतो.

2025 चा रणजी अंतिम सामना आठवत असेल. नागपूरजवळ जामठ्याला विदर्भ आणि केरळ. तिथे सकाळचे साडेनऊ म्हणजे इथे दुपारचे तीन. पहिल्या दिवशी आपले, म्हणजे विदर्भाचे, 24 धावांत तीन गडी गेले, तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी केरळ 342 वर आटोपला आणि आपल्याला पहिल्या डावात 37 धावांची आघाडी मिळाली. तेव्हा इथे रात्र झालेली. एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो, ताटावरून उठून असा ओरडलो की यजमानीणबाईंना वाटलं घास अडकला. मग सगळ्यांना समजावून सांगितलं, की सामना आता अनिर्णित राहिला तरी या आघाडीवर चषक आपलाच. कोणी विचारलंही नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडला की जेवणाआधी प्रार्थना करायची आमच्या घरची सवय आहे. ती मी तिथे कशी करतो? कपाळ खाजवल्यासारखं करतो. दोन बोटं भुवईवर, डोळे अर्धे मिटलेले, डोकं दुखतंय असं वाटावं. विदर्भासाठी परक्या घरात ओरडणारा माणूस भाकरीचे आभार मात्र चोरून मानतो. हे माझं मलाच एके दिवशी दिसलं आणि लाज वाटली.

चाहतेपणाला आपण हसतो, पण त्यात एक मोठी गोष्ट आहे. चाहता मंगळवारीही चाहताच असतो. संघ हरला म्हणून तो दुसरीकडे जात नाही. विदर्भ रणजीत उतरला 1957-58 च्या मोसमात आणि पहिला चषक हाती आला 1 जानेवारी 2018 ला, इंदूरला, दिल्लीला हरवून. मध्ये साठ वर्षं. त्या साठ वर्षांत आमच्याकडचे लोक काय पाहत होते, देव जाणे, पण पाहत होते.

त्याहून मला शंकरपटवाले मोठे वाटतात. विदर्भातल्या लोकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो: शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, ती आपल्या राज्यापुरती उठली 2021 च्या डिसेंबरात. साडेसात वर्षं पट नाही. आमच्या शेजारच्या काकांकडे पटाची जोडी होती. बक्षीस नाही, बघायला गर्दी नाही, तरी पहाटे उठून सरकी-ढेपेचं आंबोण, अंगाला खरारा, मग धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, फेरी. मी सुट्टीत गेलो तेव्हा म्हटलं, काका, आता कशाला? ते म्हणाले, ‘पट बंद हाये बाप्पा, बैल थोडेच बंद हायेत!’ बंदी प्राण्यांच्या हालांमुळे आली होती आणि तो मुद्दा खोटा नव्हता, हेही इथेच सांगून ठेवतो. पण काकांचं ते रोजचं उठणं माझ्या डोक्यातून जात नाही. नाताळ आणि ईस्टरला कडक इस्त्रीत चर्चला जाणारे आम्ही, मधल्या दिवसांत बैलांना उपाशी ठेवतो.

तुलना इथवर चालते, पुढे लंगडते. चाहता शेवटी बसून बघतो. संत पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठ्या स्पर्धा भरत, तेव्हा लोकांना शर्यत चांगली ठाऊक होती. तोही शर्यतीचाच दाखला देतो, पण पळणाऱ्याचा देतो. बघ्यांचा त्यात उल्लेखही नाही.

पळणारा मी घरातच पाहिला.

आमचं गाव यवतमाळपासून पंचवीसेक किलोमीटरवर. यवतमाळला तेव्हा पाळक तयार करणारं मोठं विद्यालय होतं, 1983 ला ते पुण्याला गेलं. तिथले विद्यार्थी आमच्याकडे उपासनेला यायचे. वडील मात्र शेतकरी, कापसाचे, आणि गावसकरचे वेडे.

31 ऑक्टोबर 1987, शनिवार. नागपूरला विश्वचषकाचा सामना, भारत-न्यूझीलंड. चेतन शर्माची हॅटट्रिक होऊन गेलेली, आता गावसकर खेळतोय. गावचा बाजार होता, बायांना लवकर जायचं, म्हणून वेचलेला कापूस मोजायचा काटा दुपारीच लावला. वडील गाठोडं अडकवून आकडा सांगणार, मी वहीत लिहिणार, रेडिओ धुऱ्यावर. माझा अर्धा कान तिकडे. एक मावशी पैसे घेताना म्हणाली, ‘भाऊ, पोट्ट्यानं चौदा लिवलं. माहे सतरा होते.’

आता मजुरी किलोमागे. तीन किलो म्हणजे तिचं बाजारातलं तेल-मीठ. वडील सतरा लिहून पैसे देऊन मोकळे होऊ शकले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं.

‘बंद कर थो.’

‘बाबा, गावसकर...’

‘बंद कर. साऱ्यायचं पुन्हा मोजतो.’

गाठोडी अजून सुटली नव्हती. एकेक पुन्हा चढवली. मावशीचे सतराच भरले. आणखी एकीचे दोन कमी लिहिले होते, तेही निघाले. एकीचे एक जास्त होते, ते वडिलांनी तसंच राहू दिलं. यात बराच वेळ गेला. गावात फटाके वाजले तेव्हा काट्यावर शेवटचं गाठोडं होतं. गावसकरचं एकदिवसीय सामन्यांतलं ते एकुलतं शतक, आणि माझ्या वडिलांनी ते ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायरीवर मी त्यांना सांगितलं, 88 चेंडूंत 103.

‘नाबाद?’

‘नाबाद.’

‘अरे देवा,’ म्हणाले, आणि आत जाऊन गीतांचं पुस्तक उघडलं.